झिपरी अस्वलीण आणि कधीही न चुकणारा फटका

मुलांनो, जंगलं पुष्कळ असतात. पण जिथे बेसबॉल खेळतात अशी जंगलं दोनच होती. एक नदीच्या अलीकडचं आणि एक पलीकडचं. आपली गोष्ट अलीकडच्या जंगलाची आहे, कारण ती सांगणारा अलीकडे बसलेला आहे.

मधली नदी पावसाळ्यात मोठी असायची. चैत्र लागला की ती आटायची आणि वाळूत एकच डोह उरायचा. दोन्ही जंगलांची तहान त्या एका डोहावर. पूर्वी तिथे मारामाऱ्या व्हायच्या. शिंगं मोडायची, कान फाटायचे. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलं की दर चैत्रात एक सामना खेळायचा. जे जंगल जिंकेल त्याने उन्हाळाभर पहाटे आणि संध्याकाळी पाणी प्यायचं. जे हरेल त्याने भर दुपारी.

भर दुपारी म्हणजे काय, ते चपला घालणाऱ्यांना कळायचं नाही. वाळू अशी तापायची की त्यावर पाय ठेवला की दुसरा लगेच उचलावा लागे. एका वर्षी अलीकडचं जंगल हरलं होतं. त्या उन्हाळ्यात दोन म्हाताऱ्या भेकरांनी डोहाच्या वाटेवरच जीव सोडला. त्यांची धाकटी बहीण भागी तेवढी वाचली. ती अजून संघात खेळायची, आणि त्या उन्हाळ्याबद्दल कधी बोलायची नाही.

आता खेळ समजून घ्या. सोपा आहे.

चेंडू म्हणजे वाळलेलं कवठ. बॅट म्हणजे सागाचं दांडकं. मैदानात चार दगड. त्यांतला एक घरचा दगड. खेळणारा तिथे दांडकं घेऊन उभा राहतो. समोरून पिचर कवठ फेकतो. कवठ दगडाच्या वरून, गुडघ्यांच्या वर आणि छातीच्या खाली आलं, तर ते चांगलं. चांगलं कवठ नुसतं जाऊ दिलं किंवा मारायला जाऊन चुकलं, की एक ठोका आपल्या विरुद्ध. असे तीन झाले की बाद. कवठ वेडंवाकडं आलं आणि आपण शहाणपणाने सोडलं, तर ते आपल्या बाजूने मोजतात. अशी चार झाली की पहिल्या दगडावर फुकट जाऊन उभं राहायचं. फटका लागला, तर पळत सुटायचं. सगळे दगड शिवून घरी आलं की एक धाव. क्रिकेटसारखं ठोकत ठोकत दिवसभर उभं राहता येत नाही. त्यातला त्रास आहे तो एवढाच.

पंच डोहातली मगर होती. ती दोन्ही जंगलांतल्या प्राण्यांना सारख्याच आवडीने खायची, म्हणून तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. ठोका पडला की ती जबडा खटकन मिटायची. वाद घालायला कुणी जवळ जात नसे.

अलीकडच्या संघात झिपरी नावाची एक अस्वलीण होती. काळी, केसाळ, श्वास घेताना भात्यासारखा आवाज करणारी. दिवसभर ती वारुळं फोडायची, नाक आत घालून वाळवी ओढायची आणि समाधानाने खाजवत बसायची. सामन्याच्या दिवशी हातात दांडकं घ्यायची. तिने मारलेलं कवठ कुठे पडलं ते शोधायला घारी पाठवाव्या लागत. सलग तीन वर्षं अलीकडचं जंगल तिच्यामुळे जिंकलं होतं. तीन वर्षं सगळ्यांनी थंड वाळूवरून जाऊन पाणी प्यायलं होतं.

सगळं ठीक चाललं होतं. म्हणून सुधारणा करायचं ठरलं.

जंगलाच्या नोंदी साळूराव नावाचं साळिंदर ठेवायचं. अंगावरच लेखण्या असल्यामुळे ते काम त्याला मिळालं होतं. पण जंगलात लिहिण्यासारखं फारसं घडत नसे. एका हिवाळ्यात बसल्या बसल्या त्याने झिपरीचे गेल्या तीन वर्षांचे सगळे डाव झाडाच्या सालीवर मांडले. मांडून झाल्यावर तो घाबरला आणि थेट दरबारात गेला.

"महाराज, एक गंभीर बाब आहे. झिपरी दहातल्या सात वेळा बाद होते."

वाघोबा महाराजांनी पंजा चाटायचं थांबवलं. "सात?"

"सात, महाराज. एखाद्या वेळी आठसुद्धा."

"आणि बाकीचे खेळाडू?"

"बाकीच्यांचं मोजलेलं नाही. त्यांच्याकडून कुणाला आशा नाही."

महाराज गंभीर झाले. आता एक गोष्ट तुम्हाला हळूच सांगतो. महाराज स्वतः दहा वेळा शिकारीला गेले, तर नऊ वेळा रिकाम्या पंजांनी परत यायचे. ते मोजायला साळूराव कधी गेला नव्हता. साळिंदर हा शहाणा प्राणी आहे.

झिपरीला बोलावणं गेलं. ती नाकाला माती लागलेली तशीच आली.

"तू सात वेळा काय करतेस?" महाराजांनी विचारलं.

"चुकते, महाराज."

"आणि तीन वेळा?"

"लागतो."

"मग या दोन्हींत फरक काय आहे?"

झिपरीने बराच विचार केला. "कवठ येतं ते दिसतं. पोटात काहीतरी हलतं. आवडलं की मारते."

"आवडलं म्हणजे काय?" साळूरावने विचारलं.

"मधाचं पोळं दिसल्यावर होतं तसं."

"आणि आवडूनही चुकतं तेव्हा?"

"तेव्हा चुकतं," झिपरी म्हणाली. "मग मी वारुळाकडे जाते."

साळूरावने सालीवर लिहिलं: पद्धत नाही.

दरबारात चिंता पसरली. ज्या जंगलाचं पाणी जिच्यावर अवलंबून, तिला पद्धत नाही, हे लोकांना रात्री झोपताना आठवू लागलं. तिने चुकू नये यासाठी कुणीतरी जाणकार आणावा, असं ठरलं.

जाणकार आधीच आलेला होता. दर हिवाळ्यात उत्तरेकडून करकोचे यायचे. त्यांत दीर्घचंचू नावाचा एक करकोचा होता. उंच, करडा, बोलण्याआधी डोळे मिटून घेणारा. त्याचं म्हणणं होतं की दूरच्या देशांत हा खेळ फार मोठ्या प्रमाणात खेळतात आणि त्याने तो पाहिलेला आहे.

"कुठून पाहिलात?" भागीने विचारलं.

"वरून," दीर्घचंचू म्हणाला.

"किती वरून?"

"बराच."

हे सगळ्यांना पटलं. जितकं वरून पाहिलं तितकं जास्त दिसलं असणार. त्या दिवसापासून दीर्घचंचूला सगळे गुरुजी म्हणू लागले, आणि झिपरीचं शिक्षण सुरू झालं.

पहिल्या दिवशी गुरुजींनी तिला एका पायावर उभं केलं. ती पडली. दुसऱ्या दिवशीही पडली. तिसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले की एक पाय हा शरीराचा विषय नाही, मनाचा आहे, आणि तो धडा पुढे ढकलला.

मग त्यांनी वेली बांधून एक चौकट केली. गुडघ्यांपासून छातीपर्यंत. चौकटीत नऊ कप्पे पाडले.

"पाचव्या कप्प्यातलं कवठ तुझं," गुरुजी म्हणाले. "बाकीच्या आठांशी तुझं नातं नाही."

"पण ते आवडलं तर?"

"आवडणं हाच रोग आहे. फटका हातात नसतो, मुली. तो नकारात असतो. आधी नाही म्हणायला शीक."

मुलांनो, हे ऐकून हसू नका. त्यात काही अगदीच खोटं नव्हतं. वेडंवाकडं कवठ सोडता आलं पाहिजे, हे कुणीही सांगेल. सगळंच खोटं असतं तर झिपरीला लगेच वास आला असता. तिचं नाक चांगलं होतं. अर्धं खरं होतं, म्हणून ती ऐकत राहिली.

आणि ती मनापासून ऐकत होती. तिला भागीच्या बहिणी आठवत होत्या. आपण सात वेळा चुकतो हे तिला आधी माहीतच नव्हतं. चुकलं की ती विसरून जायची. आता तिला सातही वेळा आठवू लागल्या. जंगल तहानेने मरेल ते आपल्यामुळे, असं तिला वाटू लागलं.

म्हणून ती नाही म्हणायला शिकली. रोज सकाळी एक माकड तिला कवठं टाकायचं. आधी तिने वरची सोडली. मग खालची सोडली. मग कडेची. मग एक दिवस असा आला की ती दहा डाव उभी राहिली आणि दांडकं खांद्यावरून हललंच नाही.

साळूराव गोंधळला. "गुरुजी, हे कसं लिहू? दहाही वेळा बाद झाली."

"तिचं दांडकं हवेतून गेलं का?" गुरुजींनी डोळे मिटून विचारलं.

"नाही."

"तिने काही चुकवलं का?"

"मारलंच नाही, तर चुकवणार काय?"

"मग चूक कुठल्या रकान्यात लिहिणार?"

साळूराव सालीकडे बघत राहिला. त्याने तीनदा लेखणी बदलली. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि त्याने लिहिलं: चुका, शून्य.

सातावरून शून्यावर. महाराजांनी ती साल स्वतःच्या पंजात धरून दरबाराला दाखवली. सगळ्यांना बोरं वाटली. फाल्गुनात बाकीचे करकोचे उत्तरेला परत गेले. दीर्घचंचू गुरुजी मात्र राहिले. इतका मान मिळत असेल तर हवामान चालवून घेता येतं.

झिपरी मात्र बारीक होत चालली. ती वारुळापुढे जाऊन उभी राहायची आणि विचार करायची की नाक कुठल्या कप्प्यात घालावं. तिचा विचार होईपर्यंत वाळवी खाली निघून जायची. मधाचं पोळं दिसलं की तिला आधी स्वतःची लाज वाटायची. कधी कधी ती नदीकाठी उभी राहून स्वतःच्या सावलीला विचारायची, माझे खांदे सरळ आहेत का?

एका सकाळी भागी तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"झिपरे, तू हल्ली कवठाकडे बघत नाहीस."

"बघते की. आधीपेक्षा जास्त बघते."

"नाही. कवठाकडे बघताना तू कशी दिसतेस, तिकडे बघतेस."

"मावशी, तुला वाटतं मी पुन्हा सात वेळा चुकावं?"

भागीने गवताचा एक घास तोडला. "तू चुकायचीस तेव्हा तो काळतोंड्या घाबरायचा," ती म्हणाली. "एवढं मला आठवतं."

काळतोंड्या म्हणजे पलीकडच्या जंगलाचा पिचर. लांब हातांचा वानर. गेली तीन वर्षं सामन्याच्या आधी त्याला अन्न जात नसे. झिपरी समोर उभी राहिली की त्याच्या तळव्याला घाम यायचा, आणि घामेजल्या हातातून कवठ वाकडंतिकडं जायचं.

यंदाही तो तसाच आला. सामना सकाळी सुरू झाला. पहिल्या डावात झिपरी दगडापाशी आली, तेव्हा त्याने घाबरत घाबरत एक कवठ टाकलं. ते नेमकं मधोमध गेलं. झिपरी हलली नाही. मगरीने जबडा मिटला. काळतोंड्याला वाटलं, हा काहीतरी डाव आहे. त्याने दुसरं टाकलं. झिपरी विचार करत होती. त्याने तिसरं टाकलं. ती बाद झाली.

"उत्तम," कडेला उभे असलेले गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला काळतोंड्याचं नियंत्रण सुटलं आणि चार कवठं बाहेर गेली. झिपरी फुकटात पहिल्या दगडावर जाऊन उभी राहिली. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साळूरावला ते नीट लिहून घ्यायला सांगितलं. पुढचे खेळाडू बाद होईपर्यंत झिपरी त्या दगडावर उभी होती. मग परत आली.

तिसऱ्या खेपेला ती पुन्हा नुसती उभी राहून बाद झाली. काळतोंड्याच्या तळव्याचा घाम वाळला होता. त्याने मध्येच एक जांभई दिली.

शेवटचा डाव आला. पलीकडच्यांच्या तीन धावा, अलीकडच्यांच्या दोन. अलीकडच्यांचे दोघे बाद झाले होते. अजून एक बाद झाला की सामना संपणार होता. पण तिसऱ्या दगडावर भागी उभी होती आणि दुसऱ्या दगडावर एक ससा. एक चांगला फटका लागला असता, तर दोघंही घरी आली असती.

झिपरी दांडकं घेऊन निघाली. तिने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी एक पाय वर उचलला. म्हणजे थांब.

काळतोंड्याने पहिलं कवठ टाकलं. छातीच्या जरा खाली, चांगलं. जबडा मिटला.

दुसरं कवठ आलं. ते पाचव्या कप्प्यात होतं की सहाव्या, याचा निर्णय झिपरी घेत होती. निर्णय व्हायच्या आत जबडा मिटला.

आता एकच उरलं होतं.

झिपरीने दांडकं खाली टेकलं. तिला धाप लागली होती. तिने तिसऱ्या दगडाकडे पाहिलं. भागी तिथे उभी होती आणि एकेक पाय आळीपाळीने उचलत होती. अजून दुपार झाली नव्हती. वाळू नुकती कुठे तापायला लागली होती.  आपल्याला कुणी पाहत आहे हे म्हातारीला माहीतही नव्हतं. डावा पाय उचलायची, ठेवायची. उजवा उचलायची, ठेवायची.

झिपरीच्या डोक्यातले नऊ कप्पे कुठे गेले कोण जाणे. तिने दांडकं उचललं. श्वास घेतला, भात्यासारखा आवाज करत. काळतोंड्याने तो आवाज ओळखला आणि त्याच्या तळव्याला पुन्हा घाम आला.

त्याने कवठ टाकलं. ते गुडघ्यांच्या वरून, वळत आलं. झिपरीला ते दिसलं. तिच्या पोटात काहीतरी हललं. तिला ते आवडलं. तिने नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग त्या फटक्यात घातलं.

मुलांनो, तुमचे हात टाळ्या वाजवायला वर आलेले मला दिसताहेत. खाली घ्या. कवठ दांडक्याच्या एक बोट खालून गेलं.

दांडक्याच्या झोकाने झिपरी वाळूत बसकण मारून पडली. मगरीने जबडा मिटला. सामना संपला.

 ससा दुसऱ्या दगडावरून उतरला आणि मान खाली घालून निघून गेला. झिपरी वाळूतच बसून होती. तिला भागीकडे बघवेना. तिला रडू येत होतं. आणि सांगायला तिला लाज वाटली असती, पण त्याच वेळी तिला भूक लागली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्या दिवशी घरी जाताना तिने एक अख्खं वारूळ फस्त केलं. डोळे पुसत पुसत खाल्लं, पण शेवटच्या वाळवीपर्यंत खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दरबारात चौकशी झाली.

साळूरावने साल वाचून दाखवली. "पाच महिन्यांत बाईंच्या नावावर एकच चूक आहे, महाराज. आणि त्याच चुकीने आपण सामना हरलो."

सगळा दरबार झिपरीकडे वळला.

"पण ते कवठ तर चांगलं होतं," भागी म्हणाली. "मगरीला विचारा. सोडलं असतं तरी ती बादच झाली असती."

महाराजांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी डोळे मिटले.

"बाद झाली असती," ते म्हणाले. "पण चुकली नसती."

दरबारात बराच वेळ शांतता होती. इतकं खोल काहीतरी ऐकल्यावर लगेच बोलणं बरं दिसत नाही. मग महाराजांनी निकाल दिला. झिपरीला संघातून काढलं. दीर्घचंचू गुरुजींना दरबारात कायमची जागा दिली. आणि पुढच्या वर्षासाठी सगळ्या नऊ खेळाडूंना नाही म्हणायला शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली.

उन्हाळा आला. अलीकडचं जंगल भर दुपारी पाण्याला निघू लागलं.

पहिल्याच दुपारी भागी वाटेत थांबली. तिने पुढे बघितलं, मागे बघितलं आणि एका वाळलेल्या झुडपाच्या काडीएवढ्या सावलीत उभी राहिली. झिपरी तिच्यापाशी आली आणि खाली बसली. अस्वलिणी आपल्या पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडतात, हे तुम्हाला माहीत असेल. झिपरीने म्हातारीला पाठीवर घेतलं.

"माझ्यावर रागावली नाहीस ना, मावशी?" चालता चालता तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"चुकले म्हणून."

"शेवटच्या कवठाबद्दल नाही. आधीची नुसती जाऊ दिलीस, त्यांबद्दल रागावले आहे," भागी वरून म्हणाली. "नीट चाल. तुझे केस टोचतात."

दोघी डोहावर पोचल्या. पाणी कोमट होतं. झिपरी पीत असताना पलीकडच्या काठावरच्या झाडावरून कुणीतरी खाली उतरलं. तो काळतोंड्या होता. दुपारी तिथे यायचं त्याला काही कारण नव्हतं. तो बराच वेळ कान खाजवत उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "तो शेवटचा फटका."

"लागला नाही."

"लागला असता तर कवठ डोंगराच्या मागे पडलं असतं. माझा तळवा अजून ओला आहे, बघ." त्याने हात पुढे केला. खरंच ओला होता. "आधी तीन वेळा तू उभी होतीस, तेव्हा मला झोप येत होती. पिचरला झोप येणं वाईट असतं."

"मग आता काय?"

"मग संध्याकाळी येतेस का? मी टाकतो, तू मार. कुणी मोजणार नाही."

"संध्याकाळी आम्हाला डोहावर पाणी प्यायची बंदी आहे."

"पाणी प्यायची आहे. कवठ मारायची नाही."

झिपरीने डोहाकडे पाहिलं. मगर डोळे तेवढे वर काढून ऐकत होती.

"नियमात नाही," मगर म्हणाली. तिलाही सामन्यानंतर करमत नव्हतं.

त्या संध्याकाळी झिपरी दांडकं घेऊन नदीच्या कोरड्या पात्रात आली. पाठीवर भागी होती. झिपरी पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा असा आवाज झाला की झाडांवरचे बगळे उडाले. कवठ सापडलंच नाही. काळतोंड्या खांदे उडवत दुसरं शोधायला गेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर गेल्या तीन वर्षांची भीती परत आलेली होती. तो फार खूश दिसत होता.

दुसऱ्या दिवशी बघायला दोन्हीकडचे चार-चार प्राणी आले. तिसऱ्या दिवशी चाळीस. एकदा कवठ डोहात पडलं, म्हणून अलीकडचा ससा ते आणायला पाण्यात गेला. आता पाण्यात गेलेला ससा तोंड कोरडं ठेवून कसा येणार? पलीकडचं एक सांबर ते बघत होतं. ते नियमाबद्दल काहीतरी बोलणार होतं. पण तेवढ्यात झिपरीने दांडकं उचललं, आणि सांबराला तिकडे बघायचं होतं.

मग जे कवठं आणायला जायचे ते पाणी पिऊन यायला लागले. मग जे बघायला बसायचे ते मध्येच उठून पिऊन यायला लागले. कुणी ठराव केला नाही. कुणी परवानगी दिली नाही. पलीकडचेच अलीकडच्यांना ओरडून सांगायचे, "प्यायचं असेल तर लवकर पिऊन ये, ती आता उभी राहतेय."

झिपरी दहातल्या सात वेळा चुकतच होती. एखाद्या संध्याकाळी आठ वेळा. चुकली की वाळूत बसकण मारायची, हसायची आणि म्हणायची, "आणखी एक टाक."

दरबार मात्र नियमाने वागत होता. महाराज, साळूराव आणि गुरुजी रोज ठीक बाराच्या ठोक्याला डोहावर यायचे. गुरुजी तापल्या वाळूवर एका पायावर उभे राहायचे आणि तो पाय फार लवकर लवकर बदलायचे. काठावर दुसरं कुणीच नसायचं.

"प्रजा कुठे आहे?" महाराजांनी एकदा विचारलं.

"दुपारी एकही येत नाही, महाराज," साळूरावने साल चाळत सांगितलं. "नोंदीप्रमाणे जंगलाची तहान संपलेली आहे. गुरुजींच्या शिकवणीचा परिणाम असावा. लोक आता पाण्यालाही नाही म्हणायला शिकले."

गुरुजींनी विनयाने चोच खाली केली.

तात्पर्य: मुलांनो, दांडकं फिरवाल तर दहातल्या सात वेळा चुकाल, आणि मग संध्याकाळी सगळ्यांच्या गर्दीत, धक्के खात, आरडाओरडा ऐकत थंड पाणी प्यावं लागेल. त्यापेक्षा दांडकं खांद्यावर ठेवून स्वस्थ उभे राहा. आयुष्यात एकही चूक होणार नाही. आणि दुपारी बारा वाजता डोह अगदी रिकामा असतो.